धर्मकार्यासाठी फिरताना परक्यांनी केलेली मदत

पेटीवाला_नाना

नमस्कार मंडळी. मी कीर्तनकार नाही, कीर्तनकाराच्या मागे पेटी घेऊन बसणारा माणूस आहे. आमचं नारदीय कीर्तन. चातुर्मासात आज हे गाव, उद्या ते. लोक बुवांच्या पाया पडतात, यजमान नारळ-उपरणं देतात, तबलजीला आणि मला चहा विचारतात. तक्रार नाही, रीतच आहे ती.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी निघालो होतो. भाड्याची जीप, पेटी टपावर, वरून ताडपत्री. वाटेत पावसाने असं झोडपलं की उतरलो तेव्हा खोक्यातून पाणी गळत होतं. झाकण काढलं तर पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या, एक दाबली की शेजारचीही खाली जाते. काळी एकचा सूर बोलेचना, आणि आमचे बुवा गातात नेमके काळी एकमध्ये. कीर्तन रात्री नऊला, वाजले होते चार. यजमान म्हणाले, "राहू द्या हो, बिनपेटीचं होऊ द्या. लोकांना कुठे कळतंय."

बाजारात एक बँडवाल्याचं दुकान दिसलं. मालक लाल डगल्यांना पितळी बटणं शिवत बसला होता. कोण, कुठले, काही विचारलं नाही. "ठेवा खाली" म्हणाला. वरातीत डोक्यावर धरतात ते जुने हॅलोजनचे दिवे आतून काढले, दोन्ही बाजूंनी लावले आणि मधे पेटी उघडून वाळत घातली. पट्ट्या एकेक करून काढल्या, पॉलिश पेपरने त्यांच्या कडा घासल्या. मुक्या सुराच्या जिभेखाली दाढीच्या ब्लेडचं पातं सरकवलं, फुंकर मारली, पुन्हा सरकवलं. सातच्या सुमारास सूर बोलला. मग पेटी नीट झाली का बघायला त्याने काय वाजवावं? नागीण डान्स. आणि नेमके त्याच वेळी बुवा उपरणं सावरत दारात.

पैसे विचारले तर "लग्नं कुठे आहेत आत्ता, बसूनच होतो" एवढंच. कीर्तनाला या म्हटलं तर सरळ सांगितलं की नऊनंतर माझे डोळे उघडे राहत नाहीत. आला नाही.

माझं म्हणणं असं की भाविक आमच्यासाठी करतात ते देवाच्या खात्यावर जमा होतं. ज्याला आमच्या कार्याशी घेणंदेणं नाही त्याने केलं तर त्याचं वजन जास्त. तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा. प्रवचनकार, गुरुजी, फादर, भंते, सत्संगवाले, सगळ्यांनी. वारीतलं अन्नदान मात्र नको, ते ठरलेलंच असतं. त्या बँडवाल्याचं नाव देत नाही, दिलं की धागा भलतीकडे जाईल.

रानजाई

किती छान लिहिलंय नाना. नागीण डान्सला फुटले. :)

चौथा_शनिवार

नाव देत नाही म्हणालात तिथेच कळलं की आम्हाला. हलकेच घ्या.

तिरपागडा

कळलं ना? मग हेच मला खटकतं. "नाव देत नाही" म्हणणं हे नाव देण्यापेक्षा मोठ्याने सांगणं झालं. तो माणूस वाद्यं दुरुस्त करतो, त्याच्या दुकानात ओलं वाद्य आलं, त्याने दुरुस्त केलं. यात धर्म आणलात तो तुम्ही.

पेटीवाला_नाना

तिरपागडा, नाव मी दिलेलं नाही आणि देणारही नाही. तुम्हाला काय कळलं ते तुमचं तुम्ही बघा. दुरुस्तीचे पैसे घेतले असते तर धागा काढलाच नसता.

ओसरी_पडवी

नानांनी वारी नको म्हटलंय तरी लिहिते, कारण ते "ठरलेलं" पूर्णपणे पटलं नाही. यवतला तुकोबांच्या पालखीला पिठलं-भाकरी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते ठरलेलं, मान्य. देहूतून निघाल्यावर पालखीची पहिली आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते, तेही ठरलेलं. पण वाटेत चपला शिवून देणारे, फुकट दाढी करून देणारे असतात त्यांना कुणी ठरवून दिलंय? माझ्या सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता. रस्त्याकडेला बसलेल्या माणसाने नवा शिवला आणि पैसे द्यायला गेल्या तर हात मागे घेतला. म्हणाला, "आज नाही घेत. उद्या आलात तर घेईन." उद्या कुठल्या येणार, पालखी पुढे गेलेली असणार.

भिजलेला_फटाका

आमच्याकडे कीर्तनकाराला सगळे मदत करतात. माईक नीट करून देतात, पाणी देतात, घड्याळ समोर ठेवतात. हेतू एकच, लवकर आटपावं.

वीणा_घेऊन_उभी

भिजलेला_फटाका, मी त्या घड्याळासमोर उभी राहणारी बाई आहे, तेव्हा जपून. :)

मी वारकरी कीर्तन करते. बाईने वीणा गळ्यात घालून उभं राहणं अजूनही काही ठिकाणी चालत नाही, त्याबद्दल इथे लिहीत नाही. नानांच्या मुद्द्यावर लिहिते, कारण मला तो उलट्या बाजूने ठाऊक आहे. आयोजकांचं प्रेम मंडपाच्या कनातीपर्यंत असतं. कीर्तन रंगलं तर पाया पडायला रांग लागते. पण रात्री साडेअकराला सामान आवरून झालं की "ताई, गाडीचं बघितलंय ना तुमचं तुम्ही?" एका सप्ताहात हे असंच झालं. येणारी गाडी आलीच नाही, फोन लागेना आणि मंडळी तोवर जेवून घोरायला लागलेली. मी आणि माझी मावसबहीण फाट्यावर.

दुधाची गाडी आली. दोन बायका बघून ड्रायव्हर थांबला. आम्ही काही बोलायच्या आत त्याने बायकोला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन डॅशबोर्डवर ठेवून दिला. "ही बोलेल तुमच्याशी, मला गाडी चालवू द्या." त्या माऊलीने अर्धवट झोपेत आमच्याशी जी बोलायला सुरुवात केली ती आम्ही उतरेपर्यंत. तिची म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती तशीही जागीच होती. मधे मधे गाडी थांबायची, कॅन चढायचे, आणि फोनवरून "आता अमक्याच्या डेअरीला थांबला असेल बघा" असं अचूक सांगायची. आम्हाला भीती वाटू नये म्हणून हे सगळं चाललंय, हे माझ्या लक्षात येईपर्यंत निम्मा रस्ता सरला होता.

मी काय करते हे त्याने विचारलं नाही, तिने विचारलं. सांगितलं तर म्हणाली, "अगंबाई, म्हणजे रात्री फिरावं लागतं की." माझ्या व्यवसायाबद्दल इतकं खरं वाक्य आजवर दुसऱ्या कुणी बोललेलं नाही.

रानजाई

अंगावर काटा आला. आणि म्हशीचं काय झालं?

वीणा_घेऊन_उभी

पारडी झाली. सकाळी त्याच नंबरवरून मेसेज आला.

तिरपागडा

हा अनुभव आवडला. पण पुन्हा तेच विचारतो. फाट्यावर दोन नर्सबाई असत्या, दोन शेतमजूर बायका असत्या, तर तो थांबला नसता का? थांबला असता. मग यात "धर्मकार्य" कुठून आलं? शिवाय ज्या गाड्या थांबल्या नाहीत त्यांचा धागा कुणी काढत नाही.

वीणा_घेऊन_उभी

थांबला असताच. मी कुठे म्हटलं विठ्ठलाने पाठवला? आणि न थांबलेल्या गाड्यांचा धागा मी काढू शकते, पण तो फार लांबेल.

नगरची_दुपार

इथे सहसा वाचनमात्र असते, पण नानांनी फादर लिहिलंय म्हणून धीर केला. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे फादर नाही, पाळकसाहेब. माझे वडील नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पाळक होते. चार-पाच खेडी मिळून एक मंडळी, रविवारची उपासना एका गावी, मधल्या वारी घरोघर भेटी. वाहन लूना. पगार बोलण्यासारखा नाही.

परतीच्या पावसात एकदा ओढा चढला आणि ते अलीकडेच अडकले. अंधार पडलेला, जवळ बायबल, एक डबा आणि लूना. माळावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता मुक्काम, उतरला होता. आधी कुत्री आली. वडील कुत्र्यांना जाम घाबरायचे, लूनावर उभे राहिले म्हणे! म्हाताऱ्या धनगराने कुत्री आवरली, घोंगडं दिलं, गुळाचा चहा दिला. पालात लेकुरवाळी बाई होती म्हणून तो स्वतः मुलांना घेऊन बाहेर मेंढरांच्या जाळीपाशी झोपला आणि त्या पालात वडिलांना एका कडेला जागा दिली. वडिलांना हे इतकं अवघड वाटलं की ते रात्रभर बसूनच राहिले.

चर्चचा माणूस म्हटल्यावर त्याने एकच विचारलं, "वाचता येतं ना?" मग मेंढरांच्या औषधाची बाटली पुढे केली. वडिलांनी बॅटरीच्या उजेडात किती वजनाला किती औषध ते वाचून सांगितलं. पहाटे त्याचा मोठा मुलगा पुढे होऊन उताराची जागा बघून आला आणि दोघांनी लूना उचलून पलीकडे नेली. पुढे कितीतरी वर्षं तो वाडा त्या बाजूने गेला की गावच्या दुकानात निरोप असायचा, "लूनावाल्या साहेबाला सांगा, आम्ही आलोय."

चर्चमध्ये वडील ही गोष्ट सांगायचे, पण तिच्यावर प्रवचन द्यायचे नाहीत. नुसती सांगायचे आणि बसायचे. आईचं म्हणणं, कुत्र्यांचा भाग ते दर वेळी वगळायचे.

चौथा_शनिवार

छान. पण स्पष्टच विचारतो, राग मानू नका. मिशनरी लोक जी मदत करतात ती हेतू ठेवून करतात असं सगळे म्हणतात. इथे उलटं दिसतंय.

नगरची_दुपार

राग नाही. धागा मदत घेण्याचा आहे, आणि घेण्याच्या बाबतीत वडिलांचा हात कायम पुढे असायचा, कारण पेट्रोलचे वांधे. हेतूबद्दल बोलायचं तर त्या धनगराने वडिलांना खंडोबाची गोष्ट सांगितली, वडिलांनी ऐकली. कुणी कुणाच्या बाजूला गेलं नाही.

जुना_वाचनालयी

हेतूचा विषय निघालाच आहे तर कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण द्यायला हवं. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. त्या काळात गोरा माणूस नेटिवाशी डब्यात कसा वागायचा ते वेगळं सांगायला नको. हे गृहस्थ सौजन्याने वागले, संस्कृत काव्यावर बोलले आणि उतरण्यापूर्वी टिळकांना नवा करार भेट दिला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आता ही "परक्याने केलेली मदत" की प्रचार, ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते दोन्ही. पुस्तक देण्यामागे हेतू होता, तरी आधीची वागणूक खोटी ठरत नाही. आणि टिळक काही पुस्तक हातात पडलं म्हणून ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांची तगमग आधीपासूनची होती, आणि ख्रिस्ती झाल्यावरही ती संपली नाही. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी "देवाचा दरबार" काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

चौथा_शनिवार

म्हणजे शेवटी धर्मांतर झालंच ना. आणि इकडे त्यांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची काय फरफट झाली ते वाचा. गावोगाव आजही...

व्यवस्थापन

धर्मांतरावरचे पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर राहा.

भिजलेला_फटाका

उडवलेल्या सहांत माझा एक विनोद होता हो, तो तरी परत द्या.

शनिवारचा_गुरुजी

मी अमेरिकेत शिकागोच्या उपनगरात असतो. आठवडाभर डेटाबेस, शनिवार-रविवार सत्यनारायण. एका वास्तुशांतीला हवन चालू होतं. यजमानांनी अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधली होती, पण वरच्या मजल्यावरचा विसरले. तो कोकलायला लागला आणि पाहता पाहता दारात अग्निशमनचा बंब. चार धिप्पाड माणसं, अंगावर सगळा सरंजाम. यजमान घामाघूम. मी पूर्णाहुतीपाशी आलेलो, मधे सोडता येईना.

त्यांच्यातल्या मुख्य माणसाने कुंडाकडे बघितलं, विचारलं, "अजून किती वेळ?" मी म्हटलं दहा मिनिटं. त्याने माणसांना खिडक्या उघडायला लावल्या, एकाला पाण्याचं नळकांडं घेऊन माझ्या मागे उभं केलं आणि दहा मिनिटं सगळे थांबले. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना पूर्णाहुतीला उभं राहायचं असतं हे आठवत नाही, हे चौघे उभेच होते. जाताना शिऱ्याचा प्रसाद घेतला आणि पुढच्या वेळी आधी फोन करून कळवा म्हणून नंबर दिला. आता कळवतो. दंड झाला का विचाराल, तर नाही झाला.

तिरपागडा

या वेळी मान्य. इथे धर्मकार्य नसतं तर ते आलेच नसते. :)

अडाणीमाय

माझे मामा बौद्ध भंतेंना गावोगाव घेऊन जायचे, धम्मदेसनेसाठी. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत आणि पैशाला हात लावत नाहीत. गाडीने जायचं म्हणजे बारा वाजायच्या आत जेवण कुठेतरी गाठावं लागतं. एका स्टँडवर एक खाणावळ होती, तिथे जेवण साडेबारालाच चालू व्हायचं. मामांनी एकदा अडचण सांगितली. त्यानंतर भंते त्या वाटेने येणार असले की मामा आदल्या दिवशी फोन करायचे आणि खाणावळवाला अकराला तवा तापवायचा. त्याच्या गल्ल्यामागे साईबाबा आणि बाळूमामा दोघांचे फोटो. पैसे घ्यायचा पण, मामांकडून, पूर्ण. मामा म्हणायचे ते बरं, पुढच्या वेळी सांगायला संकोच नाही वाटत.

ओसरी_पडवी

हे फार आवडलं. नाना, तुमच्या वजनाच्या हिशेबात हा कुठे बसतो? पैसे घेतले म्हणजे बाद?

पेटीवाला_नाना

बाद कसा? एकट्या माणसासाठी दीड तास आधी चूल पेटवणं ही पैशात मोजायची गोष्ट नाही. हॉटेल लाइनीत होतो काही काळ, मला ठाऊक आहे तो तवा.

जुना_वाचनालयी

घेण्या-न घेण्यावरून तुकोबांचा अभंग आठवला, "जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे". बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आणि द्रव्याबद्दल तर शेवटी इतकं कडक आहे की घेणाराही नरकात आणि देणाराही. गाडगेबाबांनी हे अक्षरशः पाळलं. आधी गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं आणि भाकरी कुठेतरी भलत्याच घरी मागून खापरात खायची. ज्यांनी पंढरपूरपासून मुंबईपर्यंत धर्मशाळा उभ्या केल्या ते स्वतः त्यात राहिले नाहीत.

चौथा_शनिवार

आणि आताचे? तारीख घ्यायची तर आधी ॲडव्हान्स. चारचाकी पाठवा, हॉटेल पाठवा.

वीणा_घेऊन_उभी

चौथा_शनिवार, चारचाकी पाठवा हे मीही सांगते. का ते वर लिहिलंय. मोठ्या नावांचे आकडे तुम्ही व्हिडिओवर बघता, मला मिळतं त्यात मृदंगवाला आणि टाळकऱ्यांचा प्रवासखर्च भागला तर गंगेत घोडं न्हालं. गाडगेबाबांचं नाव घेऊन आम्हाला फाट्यावर उभं करणारे बरेच भेटलेत.

भिजलेला_फटाका

+१. इथे विनोद नाही.

रानजाई

गाडगेबाबांच्या धर्मशाळेवरून आठवलं. दादरची, टाटा हॉस्पिटलच्या पेशंटच्या नातेवाईकांसाठी आहे ती. काकांच्या वेळी आम्ही होतो तिथे. शेजारच्या खोलीत एक सिंधी आजोबा यायचे, कुठल्याशा सत्संगाकडून भजनं म्हणायला. पेशंट लोकांना भजनं नको असायची, झोप हवी असायची. एका बाईने त्यांना तसं सांगितलं तर त्यांनी झांजा पिशवीत टाकल्या आणि "मग काय आणू?" विचारलं. ती म्हणाली, लिंबं आणा, तोंडाला चव नाही कुणाच्या. दुसऱ्या दिवसापासून आजोबा लिंबं घेऊन यायचे. इथे मदत त्या आजोबांनी केली का त्या बाईने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिरपागडा

बाईने. शंभर टक्के. धर्मकार्य करणाऱ्याला खरं सांगणारा परका माणूस मिळणं ही सगळ्यात मोठी मदत. नाना, हा धरा तुमच्या व्याख्येत.

पेटीवाला_नाना

धरला. तिरपागडा, तुमच्याशी एकमत होईल असं वाटलं नव्हतं.

नगरची_दुपार, एक विचारायचं राहिलं. तुमच्या चर्चमध्ये कीर्तन होतं असं ऐकून आहे. खरं का?

नगरची_दुपार

हो तर. नगरला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. टाळ, पेटी, तबला, आख्यान बायबलमधलं आणि चाली बऱ्याचशा तुमच्याच. आता करणारे थोडे राहिलेत. नाताळच्या आधी आमच्या मंडळीत एक असतं, पण गेल्या वर्षीपासून पेटीवाला नाही. मुलगा कीबोर्ड वाजवतो, त्यात तो मधेच ड्रमचं बटण दाबतो.

पेटीवाला_नाना

कार्तिकीनंतर मी मोकळा असतो. तारीख कळवा, पेटी घेऊन येतो. काही देऊ नका.

नगरची_दुपार

खरंच? आईला सांगते. मग जेवायला थांबायचं हं. शाकाहारी की सगळं चालतं?

जुना_वाचनालयी

अहो, अभंग वर दिलाय ना. जेथे कीर्तन करावे...

पेटीवाला_नाना

तो कीर्तनकाराला आहे. साथीदाराबद्दल तुकोबा काही बोललेले नाहीत. सगळं चालतं.

जुना_वाचनालयी

बैलाला दाणा आणि गवतसुद्धा मागू नये असं आहे त्यात. साथीदार कुठे बसवायचे ते बघा मग.

वीणा_घेऊन_उभी

बैलाच्या खालीच. अनुभव आहे.